देरार्तू तुलूने मूल झाल्यावर दुसरं गोल्ड कसं मारलं?

पहाटधाव:
नमस्कार मंडळी, माझी लेक आता दीड वर्षाची आहे. डिलिव्हरीच्या आधी मी १० किमी आरामात पळायचे, आता परत सुरू केलंय तर पाचलाच धाप लागते आणि घरीदारी सगळ्यांचं एकच, आता कशाला हा खटाटोप. परवा ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणालं की इथिओपियाच्या देरार्तू तुलूने बाळंतपणानंतर ऑलिम्पिक गोल्ड मारलंय. मला तिचा बार्सिलोनाचा तो हातात हात घालून पळतानाचा फोटो तेवढा माहितीये. मधे काय झालं, कशी परत आली, नीट माहिती असेल तर सांगा ना.

ट्रॅकवेडा:
ताई, बरोबर ऐकलंय तुम्ही. बार्सिलोनाला १९९२ मध्ये १०,००० मीटरचं गोल्ड मिळालं तेव्हा ती जेमतेम २० ची होती, आणि ऑलिम्पिक गोल्ड जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकन बाई. पण त्यानंतर लगेच गुडघ्याने दगा दिला, १९९३ आणि ९४ दोन्ही वर्षं गेली. ९५ मध्ये वर्ल्ड क्रॉस कंट्रीला (ट्रॅकवर नाही, मोकळ्या मैदानातून पळायची जागतिक स्पर्धा) निघाली तर अथेन्सच्या विमानतळावर २४ तास अडकली, झोप नाही काही नाही, रेसच्या तासभर आधी इंग्लंडमध्ये मैदानावर पोचली आणि जिंकली!! मला तिची ही रेस सगळ्यात भारी वाटते, मेडलं बाजूला ठेवून. पुढच्या वर्षी याच स्पर्धेत पळतापळता बूट निघाला तरी चौथी आली, अटलांटा ऑलिम्पिकला दुखऱ्या पायाने परत चौथी. मग १९९८ मध्ये मुलगी झाली. आणि २००० ला सिडनी ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटरचं दुसरं गोल्ड, ३० मिनिटं १७.४९ सेकंद, म्हणजे बार्सिलोनापेक्षा जवळजवळ ४९ सेकंद फास्ट आणि ऑलिम्पिक रेकॉर्ड. तेव्हा मूल झाल्यावर सगळं संपतं म्हणणाऱ्यांना हा एवढा आकडा दाखवा.

नाशिककरीण:
एक छोटंसं, तुलू हे आडनाव नाहीये, वडिलांचं नाव आहे, तिकडे आडनाव नसतंच, म्हणून तिला देरार्तूच म्हणतात.

त्या फोटोबद्दल सांगते. तिच्याबरोबरची ती एलाना मेयर, साउथ आफ्रिकेची. वर्णभेदामुळे त्यांचा देश १९६० नंतर थेट त्या वर्षी ऑलिम्पिकला परत आलेला. रेसमध्ये मेयर पुढे आणि देरार्तू तिच्या पाठीला चिकटून, अगदी सावलीसारखी, आणि शेवटच्या लॅपला सुटली ती सुटलीच. पण जिंकल्यावर एकटी मिरवली नाही, मेयर येईपर्यंत थांबली आणि मग दोघींनी हात धरून फेरी मारली, एक काळी एक गोरी. मी तो व्हिडिओ कितीदा बघितलाय, दर वेळी डोळे भरून येतात.

ट्रॅकवेडा:
हो ना, आणि तिचा तो स्वभाव नंतरही तसाच राहिला. सिडनीत ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ जवळपास पूर्ण रेस पुढे होती, शेवटच्या लॅपला देरार्तूने अशी काही स्पीड काढली, साधारण ६० सेकंदांत लॅप, की पॉला चौथी गेली. नऊ वर्षांनी न्यूयॉर्क मॅरेथॉनला पॉलाचा पाय दुखायला लागला आणि ती मागे पडायला लागली तेव्हा हीच देरार्तू मागे वळून तिला चल चल करत होती. वय ३७. शेवटी जिंकली देरार्तूच, २:२८:५२, न्यूयॉर्क जिंकणारी पहिली इथिओपियन बाई.

पेडररोड:
मी दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला पाणी द्यायला उभी असते. इथिओपियाच्या त्या बायका समोरून जातात ना, पावलांचा आवाजच येत नाही हो, आपण ग्लास पुढे करेपर्यंत गेलेल्या असतात. २०२० ला इथे जिंकलेली आमाने बेरिसो २०२३ ला बुडापेस्टमध्ये मॅरेथॉनची वर्ल्ड चॅम्पियन झाली.

आणि पहाटधाव, देरार्तूची नात्यातली बहीण तिरुनेश दिबाबा, तीही धावपटू, तिच्याबद्दल पण वाचा. दोघी इथिओपियातल्या एकाच बेकोजी भागातल्या. तिला २०१५ मध्ये मुलगा झाला आणि २०१६ ला रिओमध्ये १०,००० मीटरचं ब्राँझ.

पहाटधाव:
खूप खूप आभार सगळ्यांचे. तो विमानतळाचा किस्सा आत्ताच नवऱ्याला वाचून दाखवला, तो म्हणाला उद्या सकाळी लेकीला मी बघतो, तू जा. साडेपाचचा अलार्म लावलाय.