शिसं शोधायला लेकरांचं रक्त कशाला? आधी घर तपासा

पाणवठा:
अमेरिकेतल्या राज्यांचे लहान मुलांसाठी शिसं प्रतिबंधक कार्यक्रम असतात त्याबद्दल बोलायचंय. वर्षा-दोन वर्षांच्या मुलाचं रक्त तपासायचं, शिसं जास्त निघालं की मग घर बघायला माणूस येणार. म्हणजे विष पोराच्या अंगात गेल्यावर घराचा नंबर लागतो! सीडीसीने (अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था) २०२१ला रक्ताच्या डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम हा आकडा धरलाय, त्याच्या वर म्हणजे जास्त, पण शिसं बाहेर काढायचं औषध साधारण ४५ च्या पुढेच देतात, त्याखाली इलाज एकच, जिथून येतंय ते बंद करा. मग तेच आधी करा ना. तपासणीचा पैसा सरळ शिशाचे पाइप बदलण्यात घाला.

खडूफळा:
अजिबात पटलं नाही. मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर आठवा. २०१४च्या एप्रिलमध्ये पैसे वाचवायला डेट्रॉइटचं पाणी सोडून नदीचं घेतलं आणि पाइप गंजू नयेत म्हणून जे ऑर्थोफॉस्फेट टाकायला हवं तेच टाकलं नाही, मग पाइपातलं शिसं पाण्यात उतरलं. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या दाखवत होते तरी अधिकारी पाणी चांगलंय म्हणत राहिले, त्याच ऑक्टोबरात जनरल मोटर्सने इंजिनाचे पार्ट गंजतात म्हणून ते पाणी बंद केलं आणि मुलं मात्र आणखी वर्षभर तेच प्यायली. तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हन्ना-अतिशा यांनी पाणी बदलायच्या आधीचे नि नंतरचे मुलांच्या रक्ताचे रिपोर्ट मांडले, सप्टेंबर २०१५, आणि पुढच्याच महिन्यात डेट्रॉइटचं पाणी परत आलं. रक्त तपासलंच नसतं तर मांडलं काय असतं?

पाणवठा:
अहो पण दीड वर्ष लागलं! आणि पाण्याची तपासणी तिथे होतच होती की. नियम असा की किमान ६ तास नळ बंद ठेवायचा आणि मग पहिली धार भरायची. तिथे लोकांना आदल्या रात्रीच नळ सोडून पाइप धुऊन घ्यायला सांगितलं, म्हणजे सुटं शिसं आधीच वाहून गेलं, वर दोन नमुने वगळले आणि शिशाचा आकडा १५ पीपीबीच्या (अब्जात १५ भाग, तेव्हाची सरकारी मर्यादा) आत बसवला. असल्या तपासणीवर विसंबून राहायचं?

निळीशाई:
तुम्ही दोघं पाण्यातच अडकलात. तिकडे शिशाचा मोठा सोर्स जुना रंग आहे. घरांच्या रंगात शिशावर बंदी आली १९७८ला, त्याआधीची घरं अजून उभी आहेत. वर सरकवायची लाकडी खिडकी घ्या, दर वेळी चौकट घासते, रंगाची बारीक भुकटी खाली पडते आणि रांगणारं मूल खिडकीला धरून उभं राहतं नि तोच हात तोंडात. सगळे पाइप बदला, ही भुकटी तिथेच राहणार.

पाणवठा:
रंगाचं मान्य, नुसते पाइप म्हणालो ते चुकलं. पण मूळ मुद्दा तोच. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहराने २००५ला नियम केला, जुनी भाड्याची घरं शिशासाठी आधीच तपासायची, मूल आजारी पडायची वाट बघायची नाही. हे राज्यभर का नको?

खडूफळा:
हवंच, फक्त रक्ततपासणी बंद करून नको. आणि रिपोर्ट राज्याच्या कपाटात राहता कामा नयेत. फ्लिंटमध्ये पाण्याचं खरं बाहेर आलं ते व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या मार्क एडवर्ड्स यांच्या टीमने रहिवाशांकडून नमुने भरून घेतले म्हणून, आणि ते काम व्हायला आधी एका आईला पाण्याच्या बाटल्या घेऊन दारोदार फिरावं लागलं.