मदत हवी आहे: वडिलांना लिव्हर मी द्यावं की पुण्यात नंबर लावून थांबावं?

उचगावकर: वडील ६१ वर्षांचे, लिव्हरला कॅन्सरची गाठ. डॉक्टर ट्रान्सप्लांट म्हणतात. मी द्यायला तयार आहे. मामा म्हणतात, तरण्या पोराचं पोट कशाला फाडायचं, ब्रेनडेडचं मिळतंय. चांगलं कुठलं? अनुभव असेल त्यांनीच सांगा, लवकर.

रंकाळ्याकाठी: गाठी किती, केवढ्या? रक्तवाहिनीत शिरलीय का? बी-सी कावीळ होती का? रक्तगट?

उचगावकर: एकच, ४ सेंमी. दारूचा थेंब नाही. रिपोर्ट भावाकडं आहेत. प्रश्न साधा आहे ओ, जिवंत की ब्रेनडेड?

निवांत_दादा: आमच्या साडूंची कावीळ भुईआवळ्यानं पळाली. महिनाभर काढा देऊन बघा.

रंकाळ्याकाठी: दादा, कावीळ वेगळी, कॅन्सर वेगळा. महिना कुणाचा घालवताय?
उचगावकर, एकच गाठ ५ सेंमीपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, प्रत्येक ३ सेंमीच्या आत. वाहिनीत शिरकाव नाही, लिव्हरबाहेर पसरलेलं नाही. हे १९९६ पासूनचे मिलान निकष, कॅन्सरवाल्याला ट्रान्सप्लांट करायचं का ते ठरवायचे. त्यात बसत असतील तर दोन्ही वाटा आहेत, फरक वेळेचा. ब्रेनडेडच्या यादीत मेल्ड स्कोर बघतात, म्हणजे लिव्हर किती खराब झालंय त्याचा आकडा. कॅन्सरवाल्याचं लिव्हर बऱ्याचदा बऱ्यापैकी चालत असतं, मग स्कोर कमी येतो, नंबर मागं राहतो. थांबण्यात गाठ निकषाबाहेर गेली की संपलं. म्हणून मधल्या काळात टेस (गाठीच्या रक्तवाहिनीतून औषध सोडून तिचं रक्त तोडणं) नाहीतर आरएफए (सुईनं गाठ जाळणं) करून तिला दाबून ठेवतात. घरचा दाता असला की तारीख ठरवता येते.

पेठेतली_सून: तारीख ठरवता येते म्हणून पळत सुटायचं नसतं. आमच्या दिरांचं घाईत केलं, गाठ परत आली. काही महिने गाठ कशी वागते ते बघावं, एएफपी, म्हणजे रक्तातली कॅन्सरची खूण, बघावं.

रंकाळ्याकाठी: बघावं, पण उपचार करत. नुसतं बसून नव्हे.

पेठेतली_सून: नुसतं बसा म्हटलंय कुणी? आणि दात्याचं कोण बोलणार? मोठ्या माणसाला द्यायचं तर बहुधा उजवा भाग, निम्म्याहून जास्त लिव्हर. परत वाढतं हे खरं, पण क्वचित दाताही दगावतो. फॅटी लिव्हर निघालं तर नाकारतात.

पांढरा_रस्सा: माझ्या आत्याला किडनी काकांनी दिली. पुण्यात राहायची खोली पाहिजे असेल तर सांगा.

रंकाळ्याकाठी: रक्तगट अजून सांगितला नाही.

उचगावकर: त्यांचा ओ पॉझिटिव्ह, माझा बी. बापलेकाचं चालतंयच की.

रंकाळ्याकाठी: नाही चालत! ओ पेशंटला साधारण ओचंच लिव्हर लागतं. प्लस-मायनसचं फारसं अडत नाही, गटाचं अडतं. गट जुळत नसताना करणारी काही सेंटर आहेत, पण तयारी आणि खर्च वाढतो. दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदलही कायद्यात बसते. घरात ओ कोण?

उचगावकर: धाकटी बहीण. इचलकरंजीला दिलीय. सासरच्यांना कोण विचारणार? चुलतभाऊ पण ओ आहे.

पेठेतली_सून: आधी तिला विचारा, सासर नंतर. आणि तिला नको असेल तर विषय तिथंच सोडा. मुलगी कायद्यानं जवळची नातेवाईक. चुलतभावाला मात्र समितीची परवानगी लागते.

निवांत_दादा: काढ्याला परवानगी लागत नाही.

उचगावकर: बहीण फोन उचलत नाही. तोवर नंबर कुठं लावायचा? कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर हॉस्पिटलला?

रंकाळ्याकाठी: नंबर आपण जाऊन लागत नाही. लिव्हर ट्रान्सप्लांटची मान्यता असलेलं हॉस्पिटल नाव नोंदवतं. कोल्हापूर पुण्याच्या झेडटीसीसीत, म्हणजे ब्रेनडेडचे अवयव वाटणाऱ्या विभागीय केंद्रात, येतं. दात्याच्या तपासण्या चालू असतानाही नाव यादीत राहू शकतं. भावाकडून सीटीचा रिपोर्ट घेऊन टाका इथं, वाहिनीचं उत्तर अजून आलं नाही.