मदत हवी आहे: साळावलीच्या काठाने गाड्या टाळून ग्रॅव्हल सायकलिंग

पानमळा

नमस्कार मंडळी,

मी मडगावला राहते. ग्रॅव्हल बाईक (खडीच्या-मातीच्या रस्त्यांसाठीची सायकल) आधी घेतली आणि आता ग्रॅव्हल शोधतेय, म्हणजे हॉल बुक करून मग नवरामुलगा शोधण्यातला प्रकार. डांबरी रस्त्याचं मला वावडं नाही, त्यावरच्या गाड्यांचं आहे. कोलवा-बाणावलीकडे शनिवार-रविवारी काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या असतात आणि चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर कमी, मोबाईलच्या नकाशावर जास्त. हायवेबद्दल तर बोलायलाच नको.

हवंय ते इतकंच: झाडी, पाणी, मातीचा रस्ता, सकाळचे दोन-तीन तास. सोबत नवरा असेल, त्याच्याकडे साधी एमटीबी (डोंगरी सायकल) आहे. नकाशा बघून साळावली धरण मनात भरलंय. सायकली गाडीला लावून सांग्यापर्यंत जाणं आम्हाला सोपं पडतं.

धरणाच्या पाण्याला पूर्ण फेरी मारता येते का? नकाशावर काठाजवळ तुटक रेषा दिसतात, त्या जोडून एक वर्तुळ होईलसं वाटतं. काही ठिकाणी चांगले रुंद मातीचे पट्टेही दिसतात, ते कसले? परवानगी लागते का, कोणाची? आणि कोणत्या महिन्यात जावं? कोणी त्या बाजूला सायकल चालवली असेल तर सविस्तर लिहा प्लीज. गूगलवर नुसते धबधब्यासमोरचे सेल्फी मिळतात.

सांगेकर_७१

ताई, पूर्ण फेरीचा नाद सोडा. होत नाही.

साळावली ही जुवारीची उपनदी. तिला अडवल्यावर पाणी डोंगरातल्या प्रत्येक ओहोळात आत शिरलंय. जलाशय सुमारे २४ चौरस किलोमीटरचा, पण गोल नाही, सगळीकडे फाटे फुटलेले. तुटक रेषा म्हणजे गुरांच्या आणि काजूवाल्यांच्या वाटा. अशी वाट अर्धा-पाऊण किलोमीटर छान जाते आणि एका ओहोळाशी पाण्यात संपते. पलीकडची वाट समोर दिसते, पण तिथे जायला डोंगराला वळसा. सायकल खांद्यावर घ्यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

रुंद पट्टे खाणींचे आहेत. सांगे-रिवण भागात मँगनीज आणि लोहखनिजाच्या खाणी होत्या. २०१२ मध्ये खाणकाम थांबलं, मग थोडं सुरू झालं, २०१८ मध्ये पुन्हा बंद. रस्ते ओसाड दिसतात म्हणून मोकळे समजू नका, जागा कोणाच्या ना कोणाच्या ताब्यात आहे आणि गेटवर राखणदार असतो. शिवाय जुन्या खाणींचे खड्डे पाण्याने भरलेत आणि काठाला कठडा नाही. वळणावर वेगात असाल तर कळणारही नाही.

माझं ऐकाल तर एक बाजू धरा, जेवढी वाट मिळेल तेवढं जा आणि त्याच वाटेने परत या. धरण आणि आजूबाजूची जमीन जलस्रोत खात्याकडे आहे. भिंतीच्या बाजूने आत जायचं असेल तर गेटवर विचारा, न विचारता घुसू नका. नेत्रावळीच्या दिशेने पुढे सरकलात की अभयारण्य लागतं (१९९९ साली जाहीर झालेलं), तिथे वन खात्याची परवानगी. आणि पावसाळ्यात धरणाचा बदकचोचीच्या आकाराचा सांडवा (जादा पाणी बाहेर सोडणारी वाट) भरून वाहायला लागला की रविवारी तिथे जत्रा असते. गाड्या टाळायच्या म्हणून येणार आणि गाड्यांतच अडकणार.

दिवाडीचा_पोदेर

साळावलीच कशाला? मयेचं तळं बघा. पणजीकडून येणार असाल तर रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडी, बेट ओलांडून दुसरी फेरीबोट पकडून नार्वे, आणि तिथून मये. दोनदा फेरीबोट म्हणजे दोनदा विश्रांती, गाड्यांचा त्रास निम्म्याने कमी. नार्वेला सप्तकोटेश्वर आहेच. मूळ देऊळ आमच्या दिवाडीत होतं, पोर्तुगीजांनी पाडलं. नार्वेच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. सायकल टेकवून दहा मिनिटं बसण्यासारखी जागा आहे.

एक मात्र सांगतो, २०२४ पासून डिचोली भागात खाण परत सुरू झाली आहे. कामाच्या दिवशी खनिजाच्या ट्रकांची धूळ खायची तयारी ठेवा. रविवारी या.

पानमळा

@सांगेकर_७१, मनापासून आभार. वर्तुळ डोक्यातून काढलं. @दिवाडीचा_पोदेर, मयेची कल्पना आवडली, पण मडगावहून उलटा प्रवास होतो. पाहुणे आले की नक्की.

आणखी एक. अंजुणे धरणाबद्दल काय मत? चोर्ला घाटाखाली, फोटोत तर सगळं हिरवंगार दिसतं. आणि टायरमध्ये हवा किती ठेवायची? माझे ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस आहेत, नवऱ्याचे ट्यूबवाले.

म्हादयीकाठ

अंजुणेचा काठ सुंदर, पण तिथे सगळीकडे म्हादई अभयारण्याची हद्द आहे. मार्च २०२३ च्या वणव्यांनंतर वन खातं प्रवेशाबाबत कडक झालंय. आधी केरीला चौकशी करा.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. अंजुणे ज्या सत्तरी तालुक्यात आहे तिथे २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेत. गोचिडीतून पसरतो. काजूच्या मोसमात, साधारण डिसेंबर ते मे, धोका जास्त. म्हणजे नेमका सायकलिंगचा मोसम. पालापाचोळ्यात बसू नका, सायकल आडवी टाकून झाडाखाली आडवे होऊ नका, लांब मोजे घाला, घरी आल्यावर अंग नीट तपासा. कुठे माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. जंगलात जाऊन आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा. घाबरवत नाही, सत्तरीतली माणसं याच जंगलात रोज जातात, पण त्यांना माहीत असतं.

चेन_उतरली

हवेबद्दल. तुमचं वजन साठच्या आसपास धरलं तर ट्यूबलेसला ३० ते ३५ पीएसआय पुरे. ट्यूबवाल्याने इतकं खाली जाऊ नये. जांभ्याच्या कडेवर टायर दाबला गेला की ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. आपल्याकडच्या उन्हात ट्यूबलेसमधलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी बघत जा.

जांभ्याची वाट वाळलेली असेल तर बारीक खडे चाकाखालून निसटतात. उतारावर पुढचा ब्रेक कचकन दाबू नका, वजन मागे घ्या. ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, तिथे सगळे टायर सारखेच. जूनपासून दसऱ्यापर्यंत या वाटा विसरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चपासून साडेनऊच्या आत परत गाडीशी या.

सांगेकर_७१

गवे राहिले. पहाटे वाटेवर दिसतात. घंटी वाजवायची नाही, थांबायचं, तो जाईपर्यंत वाट बघायची. एकटा नर असेल तर जास्तच लांब. मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, नकाशा आधी उतरवून ठेवा.

आणि एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की धरणात बुडालेल्या कुर्डी गावाचा तळ उघडा पडतो. मैलभर मोकळी जमीन, गाडी नाही, झाड नाही. सायकलीला स्वर्ग.

वाड्याचा_मुलगा

@सांगेकर_७१, स्वर्ग वगैरे ठीक आहे, पण ते आमचं गाव आहे.

धरणासाठी कुर्डीची माणसं उठवून वाडे आणि वालकिणीला आणून वसवली. महादेवाचं देऊळ दगड दगड सुटा करून दुसरीकडे उभारलं, घरं मात्र तिथेच राहिली. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म याच गावातला, १९०४ चा. मे महिन्यात पाणी ओसरलं की आमची माणसं सोमेश्वराच्या उत्सवाला येतात, ख्रिस्ती कुटुंबं त्यांच्या कपेलाला (छोट्या चर्चला) येतात. माझी आजी जोत्यावर उभी राहून सांगते, इथे चूल, इथे न्हाणी, इथे तुळस. बाहेरून बघणाऱ्याला ते नुसते दगड वाटतात. गेल्या काही वर्षांत त्या जोत्यांवरून गाड्या, बाईक, ड्रोन सगळं सुरू झालंय.

सायकलवाल्यांवर माझा राग नाही, तुम्ही निदान आवाज तरी करत नाही. पण जुन्या रस्त्यावरूनच चालवा, तो अजून दिसतो. जोती आणि देवळाच्या जागा चालत बघा. उत्सवाच्या दिवशी सायकल बाहेरच ठेवा. आणि पाण्याच्या कडेचा गाळ वरून वाळलेला, आतून ओला असतो. चाक रुतलं तर पुढे रेटायचं नाही, उतरून मागे यायचं. पोहायला तर अजिबात उतरू नका.

सांगेकर_७१

बरोबर बोललास रे. शब्द मागे.

पानमळा

@वाड्याचा_मुलगा, बरं झालं लिहिलंत. मला कुर्डीचं फक्त नाव माहीत होतं, तेही मोगूबाईंमुळे.

आता असं ठरवतेय: डिसेंबरात साळावलीची एक बाजू, गेटवर विचारून, जाऊन-येऊन. अंजुणे तूर्त नाही. मे महिन्यात कुर्डीला सायकलीशिवाय जाऊ, उत्सवाला चालत असेल तर. बाहेरच्यांनी आलेलं चालतं का?

वाड्याचा_मुलगा

चालतं. जेवूनच जा. तारीख त्या वर्षी पाणी किती उतरतं त्यावर, एप्रिल संपताना इथेच विचारा.

पानमळा

नक्की विचारते. आणि डिसेंबरात रविवारी सकाळी सहाला सांग्यात चहा आणि भाजी-पाव मिळेल का? नवरा त्याशिवाय सायकलीवर बसत नाही.

सांगेकर_७१

बसस्टँडजवळ बघा. सहाला चहा मिळेल, भाजी सातशिवाय तयार नसते.