चर्चमधील उणिवा दिसत असताना प्रार्थना चालू ठेवावी का?

वसईकर (धागाकर्ता):
१९५० पासूनच्या सत्तर वर्षांत कॅथलिक चर्चच्या धर्मगुरूंनी आणि व्रतस्थांनी (संन्यस्त जीवनाचे व्रत घेतलेल्यांनी) सुमारे २,१६,००० अल्पवयीनांवर लैंगिक अत्याचार केले असावेत, असा अंदाज फ्रान्समधील सोवे आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मांडला. हा आयोग तेथील बिशपांनी आणि व्रतस्थ संघांनीच नेमलेला असल्यामुळे ‘ही विरोधकांनी केलेली बदनामी आहे’ असे म्हणून हात झटकण्याची सोय कोणालाच उरली नाही. त्या आठवड्यात आमच्या घरी संध्याकाळी आल्तारापुढे (घरातील वेदीपुढे) रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाली, तेव्हा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ येथपर्यंत माझा आवाज निघाला आणि पुढे अडला. आई मात्र मणी पुढे सरकवत राहिली. रोझरी संपल्यावर तिने एवढेच विचारले, “पाप फादरांनी केलं, आणि अबोला तू देवाशी का धरतोस?”

मी पुन्हा प्रार्थनेला बसू लागलो. लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १८) एक विधवा देवाला न भिणाऱ्या न्यायाधीशाकडे खेटे घालत राहते. खचून न जाता प्रार्थना करावी म्हणून येशूने सांगितलेला हा दाखला मला आधाराचा वाटतो. इतरांचे काय मत आहे?

नगरकर:
वसईकर, पहिला आक्षेप आपल्या शीर्षकावर आहे. पाट्या वेळेवर न रंगवणे ही उणीव झाली. येथे अपराध घडले आहेत आणि ते झाकले गेले आहेत. दुसरे असे की, त्या दाखल्यातील विधवा केवळ चिकाटीने प्रार्थना करत नाही, तर प्रतिवाद्याविरुद्ध न्याय मागते. त्यामुळे तिच्या जागी बसण्याचा पहिला हक्क अत्याचार सोसलेल्या मुलाचा आहे, आपला किंवा माझा नव्हे. आपल्या मातोश्रींचा प्रश्न मोलाचा आहे, पण तोच प्रश्न त्या मुलाला विचारून पाहा. त्याच्यासाठी ‘पिता’ हा शब्दच कोणा ‘फादर’ने नासवलेला असतो.

प्रार्थना सोडा असे मी म्हणत नाही, पण ती करण्यासाठी त्याच संस्थेच्या छपराखाली बसण्याचे बंधन कशाला? ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडले, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. त्यांची कारणे वेगळी होती हे मान्य. तरी मिशन सुटले म्हणून ख्रिस्त सुटला नाही, एवढे त्यावरून दिसते.

जुना वाचक:
हा वाद नवा नाही. रोमन सत्तेने ख्रिस्ती लोकांच्या केलेल्या छळाच्या काळात पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली करणाऱ्या बिशपांच्या हातचे संस्कार फोल ठरतात, असे चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील दोनाती पंथ म्हणत होता. त्यावर तेथील बिशप आणि धर्मपंडित ऑगस्टीनचे उत्तर असे होते की, बाप्तिस्मा येशूचा शिष्य पेत्र याने दिला काय किंवा येशूला दगा देणाऱ्या यहूदाने दिला काय, खरा देणारा ख्रिस्तच असतो. देणाऱ्याच्या पापामुळे आपल्या पदरात पडलेली कृपा जर बाद होत असेल, तर आपल्यापैकी कोणाचाच बाप्तिस्मा शाबूत राहणार नाही. शिवाय नोव्हेंबर २०२१ मध्ये लूर्द येथे फ्रान्सच्या बिशपांनी गुडघे टेकून प्रायश्चित्त केले, तेही विसरू नये.

नगरकर:
गुडघे टेकले ते अहवाल आल्यानंतर. ऑगस्टीनच्या युक्तिवादाने संस्कार वाचला, मूल वाचले नाही. आणि ‘माणूस पापी असला तरी पद पवित्र आहे’ याच समजुतीच्या आडोशाने कित्येक अपराधी फादरांच्या गुपचूप बदल्या झाल्या.

केडगावची लेक:
नगरकर, राहणे आणि गप्प बसणे या दोन गोष्टी आपण एकच धरल्या आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि दोनच वर्षांत आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टरना कळवले की, भारतातील पुरोहितांच्या जोखडातून कशीबशी सुटलेली मी तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली मान देणार नाही. त्याच बाई पुढे आयुष्यभर प्रार्थना करत राहिल्या आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरात गढून गेल्या. त्यांचे भांडण आणि त्यांची प्रार्थना एकाच तोंडून निघत होती. (बायकांनी असे तोंड उघडलेले आमच्या मंडळीत आजही फारसे रुचत नाही, हे जाता जाता.)

वसईकर:
‘उणिवा’ हा शब्द मी मागे घेतो. विधवेच्या जागेबद्दलचा नगरकरांचा मुद्दाही मला लागला. आम्ही प्रत्येक मिस्सामध्ये (चर्चमधील मुख्य उपासनेत) पोप आणि बिशप यांची नावे घेऊन प्रार्थना करतो, पण अत्याचार सोसलेल्यांसाठी आमच्या चर्चमध्ये कधी विनंती वाचली गेल्याचे मला आठवत नाही. तशी एक विनंती येत्या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये घ्यावी, म्हणून मी आज फादरांकडे चिठ्ठी दिली आहे. आईने ती आधी वाचून घेतली आणि ‘मुलांसाठी’ हा शब्द स्वतःच्या हाताने त्यात घातला.

नगरकर:
ती वाचली गेली तर येथे अवश्य कळवा. ‘सर्व दुःखितांसाठी’ अशा मोघम शब्दांत गुंडाळली गेली, तरीही कळवा.