पेन्सिलीची घाई कशाला?

चार वर्षांची मुलगी अजून 'अ' गिरवत नाही, शिकवणी लावावी का, असं एका पालकांनी विचारलंय. माझं मत विचाराल तर मुळीच नको.

मी बालवाडी घेते. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा पेन्सिल मुठीत आवळून धरायचा, कागद फाटायचा, की रडारड. मी पेन्सिल काढूनच घेतली. भुईमुगाच्या शेंगा फोडायला दिल्या, कणकेचे गोळे दिले, जुन्या शर्टाची बटणं लावायला दिली. पहिल्या दिवशी निम्मे दाणे पोटात गेले. गेले तर गेले! दिवाळीनंतर हाच पठ्ठ्या खडू चिमटीत धरून फरशीवर गोल काढत बसलेला.

यात माझं डोकं काहीच नाही. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत (आताच्या पालघर जिल्ह्यात) काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. साधनं म्हणजे शिंपले, बिया, खडे, पानं. सरकारी अंगणवाड्या आल्या त्या पुढे 1975 मध्ये.

तेव्हा तूर्तास लेकीला लसूण सोलायला शेजारी बसवा. स्वयंपाकाला उशीर होईल, तेवढं धरून चाला.