मदत हवी आहे: कोल्ड स्टोरेजमधली द्राक्षं महिनाभर पण टिकेनात

राम राम मंडळी, नान्नजला दोन एकर माणिक चमन जातीची द्राक्षबाग आहे. भाव पडला म्हणून यंदा पहिल्यांदाच माल कोल्डला लावला, 5 किलोच्या पेट्या, आत प्लास्टिक लायनर आणि वर ग्रेपगार्डचा कागद (बुरशी लागू नये म्हणून सल्फरचा गॅस हळूहळू सोडणारा). 22 दिवसांनी पेटी उघडली तर देठ तपकिरी होऊन काडीसारखे वाळलेले, मण्यांच्या टोपीपाशी (मणी देठाला चिकटतो तिथं) पांढरे डाग, आणि लायनरला आतून पाण्याचे थेंब.

कोल्डवाला म्हणतो टेंपरेचर 0 ते -1 आणि ह्युमिडिटी 90 च्या वर होती, मग चूक माझीच असणार. तोडणी सकाळी चालू केली पण गाडी उशिरा आली, माल दुपारभर शेडमध्ये, आणि आपल्या सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. प्रीकूलिंग (पॅक बंद करायच्या आधी माल थंड करणं) न करता कागद टाकून लायनर बंद केला. माझा अंदाज असाय की गरम मालाला घाम फुटला, कागद भिजला आणि सल्फरचा गॅस एकदम सुटला, त्यानंच डाग पडले.

प्रीकूलिंग किती तास करता, कागद त्याच्या आधी टाकता का नंतर? भोकाचा लायनर बरा का बिनभोकाचा? अजून 300 पेट्या आत आहेत, ठेवू का काढून विकू?