वायोमिंगमध्ये अँटिलोपच्या शिकारीचं उरलेलं लायसन्स घ्यायचंय, भाग कसा निवडू?

नमस्कार मंडळी,

मी कोलोरॅडोत राहतो, म्हणजे वायोमिंगच्या हिशेबी परराज्यातला. यंदा जूनच्या ड्रॉमध्ये, म्हणजे शिकारीच्या लायसन्सच्या सोडतीत, माझा नंबर लागला नाही. आता जुलैत उरलेली लायसन्स ऑनलाइन विक्रीला येतील, त्यातलं एक घ्यावं म्हणतोय. नराचं लायसन्स परराज्यातल्यांना ३२६ डॉलरला पडतं, मादी-पाडसाचं ३४ डॉलरला. मला शिंगं भिंतीवर लावायची नाहीत, घरी खायला चांगलं मांस हवंय. त्यामुळे मादीचंच घेणार हे नक्की.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: इथे अँटिलोप म्हणतात तो प्राँगहॉर्न, आपला काळवीट नव्हे. काळवीट १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहे. रेहेकुरीला त्याचे कळप मी डोळे भरून पाहिलेत, त्याच्यावर बंदूक रोखायचा विचारही मनात येणार नाही. प्राँगहॉर्नचं कूळच वेगळं. वायोमिंगचं वन्यजीव खातं कळपांचा अंदाज घेऊन दरवर्षी शिकारीच्या एकेका भागात किती लायसन्स द्यायची याचा कोटा ठरवतं. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमध्ये खूप जनावरं दगावली, तेव्हा कोटाही खाली आणला होता. त्यामुळे कोट्यातून उरलेलं लायसन्स घेताना माझ्या मनात किंतु नाही.

अडचण वेगळीच आहे. गेल्या वर्षीची उरलेल्यांची यादी पाहिली तर एकेका भागात ढिगाने लायसन्स शिल्लक. नकाशा उघडला की कळतं का ते: सगळी खाजगी कुरणं, सरकारी जमिनीचे तुकडे मध्येच, आणि तिथवर जायला सार्वजनिक रस्ता नाही. लायसन्स फक्त त्या भागापुरतं चालतं. म्हणजे ३४ डॉलर देऊन पाय ठेवायलाही जागा नाही असं व्हायचं.

तर जाणकारांनो, एवढं सांगा:
लायसन्सच्या टाइप ६ आणि टाइप ७ यांत नेमका काय फरक?
रँचवाल्याला फोन लायसन्स घेण्याआधी करायचा की नंतर?
आणि माझा मित्र एच-१बी वर आहे, त्यालाही यायचंय. त्याला कायद्याने रायफल हाताळता येते का?

---

प्रतिसाद १

फोन आधीच करा! जुलैतच. सीझन बहुतेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो आणि तेव्हा रँचवाले गुरांच्या कामात असतात. काही जण मादीसाठी थोडे पैसे घेऊन येऊ देतात, काही सरळ नाही म्हणतात. होकार मिळाला की मगच लायसन्स.

दोन्ही टाइप मादी किंवा पाडसाचेच. पण ७ ला बहुतेक वेळा भागाचा ठरावीक तुकडाच मोकळा असतो. नियमपुस्तिकेत त्या भागाच्या ओळीत शेवटचा 'मर्यादा' हा रकाना असतो, तो शब्द न् शब्द वाचा. 'फक्त खाजगी जमिनीवर वैध' असं तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत. ज्या भागांत सरकारी जमिनीवर पोचणं अवघड आहे, त्यांच्यापुढे खातं स्वतःच खूण करतं.

खाजगी जमीन म्हणजे दार बंदच असं मात्र नाही. शिकाऱ्यांना अशा जमिनींवर जाऊ देणारी खात्याची 'ॲक्सेस येस' योजना बघा. तिच्यातल्या वॉक-इन जागांवर ठरलेल्या काळात थेट चालत जाता येतं, 'हंटर मॅनेजमेंट एरिया' या दुसऱ्या प्रकारच्या जागांसाठी ऑनलाइन परवानगीची चिठ्ठी काढावी लागते. आधी हे नकाशे उघडा, मग उरलेल्यांची यादी. मी हाच क्रम पाळतो.

उरलेलं लायसन्स घेतल्याने तुमचे प्रेफरन्स पॉइंट (ड्रॉमध्ये अग्रक्रम देणारे गुण) जात नाहीत, ती काळजी सोडा. १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) कार्ड लागेल, कोलोरॅडोचं चालतं.

---

प्रतिसाद २

एच-१बी बद्दल. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, पण अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं मुदतीतलं हंटिंग लायसन्स जवळ असेल तर सूट मिळते. म्हणून मित्राने आधी लायसन्स काढावं, नंतरच रायफलला हात लावावा. सरावासाठीसुद्धा. व्हिसाचा प्रश्न आहे, तेव्हा एकदा वकिलालाही विचारून घ्या.

आणि मांसाचं म्हणाल तर प्राँगहॉर्नचं मांस उग्र लागतं ही तक्रार बहुतेक वेळा उन्हात ठेवलेल्या जनावराची असते. सप्टेंबरात दुपारी चांगलं तापतं. जनावर पडलं की त्याला लायसन्सचा टॅग लावा, लगेच पोट साफ करा, कातडं उतरवा आणि मांस बर्फात घाला. बर्फाने भरलेले दोन मोठे कूलर गाडीत हवेतच. असं केलंत तर मटणाइतकं छान लागतं, आमच्याकडे त्याचा रस्सा मुलं मागून खातात.

---

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मित्राला आजच कळवतो. वॉक-इनचे नकाशे उघडलेत, त्यात कॅस्पर शहराच्या उत्तरेचे दोन-तीन तुकडे बरे दिसतायत. त्या बाजूला कोणी शिकार केली असेल तर पावसानंतर तिथले कच्चे रस्ते साध्या गाडीला झेपतात का, तेवढं सांगा. माझ्याकडे फोर-व्हील-ड्राइव्ह नाही.